काखेतल्या बॅटऱ्या

थंडीच्या दिवसांत आमच्या दाजींना कुणी रामराम घातला, तर ते नुसती मान हलवतात. हात जोडत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, सरकारी नोकरीची गुर्मी अजून उतरली नाही. तसं काही नाही. दाजींच्या दोन्ही काखांत एकेक बॅटरी असते. हात उचलला की बॅटरी पडणार, पडली की गार होणार, आणि गार झाली की उडायला नालायक. म्हणून सकाळी साडेसात ते आठ या वेळात ते ओसरीच्या पायरीवर, अंगावर घोंगडं ओढून, दंड आवळून बसलेले असतात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत शिकलो. काखेत बॅटरी घालून बसणारा माणूस आपल्याच नात्यात निघावा, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, माणिकराव. गाव माकणी. तीसेक वर्षं धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होते. रोज सकाळी आठ वाजता मोजपट्टीपाशी उभं राहायचं, पाणी कुठवर आलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि वरच्या ऑफिसला कळवायचं. असल्या कामात माणसाचं डोकं बिघडायला वाव नाही असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

आणि मी लोहाऱ्यात बॅटऱ्यांचं दुकान चालवतो. ट्रॅक्टरची, जीपची, इन्व्हर्टरची, झालंच तर भिंतीवरच्या घड्याळाचे सेल. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी दाजींविषयी जे काही बोलणार आहे ते अडाण्याचं बोलणं समजू नये. अठरा वर्षं ॲसिडनं पँटीला भोकं पाडून घेतलेल्या माणसाला, बॅटरी काखेत उबवणारा माणूस येऊन बॅटरी शिकवतो. ते ऐकून घेणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

निवृत्त झाल्यावर सहा महिने दाजी बरे होते. शेतातच दोन खोल्यांचं घर बांधलं, चार शेळ्या घेतल्या. सकाळी आठ वाजले की आपसूक उठून उभे राहायचे, एवढाच काय तो त्रास. हातात चहाची बशी असली तरी उभे. आक्का म्हणायची, "बसा की आता. धरण काय तुमच्यावाचून आटाय लागलंय व्हय?"

मग नवरात्रात दोघं तुळजापूरला गेली. दर्शन झालं, आक्कानं बांगड्या भरल्या, आणि दाजींनी रस्त्याकडेच्या एका टोपलीतून रिमोटवर उडणारं लाल हेलिकॉप्टर उचललं. घरात खेळणारं कुणी नाही, दोन्ही लेकी आपापल्या घरी. आक्कानं विचारलं, "ह्ये कुणाला?" दाजी म्हणाले, "ठिवू. कामाला येईल."

हेलिकॉप्टर अंगणात पुरुषभर उंच गेलं, एक गिरकी मारली आणि वाळत घातलेल्या मिरच्यांत जाऊन बसलं. पाच मिनिटांत त्याचा जीव संपला. दुसऱ्या दिवशी दाजी पहिल्या जीपनं माझ्या दुकानात.

"पाव्हणं, याला जरा दमदार बॅटरी द्या. अर्धा तास चालली पायजे."

मी चेष्टेनं म्हटलं, "मोटारसायकलची लावा की दाजी." त्या माणसाला चेष्टा कळत नाही, हे मला लग्नात कळायला हवं होतं. त्यानं मोटारसायकलची लावली नाही एवढंच. टॉर्चचे चार मोठे सेल चिकटपट्टीनं हेलिकॉप्टरच्या पोटाला बांधले आणि माझ्याच दुकानाच्या फळीवर, दोन गिऱ्हाइकांसमोर, रिमोट दाबला. पंखा गरगरला. हेलिकॉप्टर जागच्या जागी कण्हत राहिलं. नाकापेक्षा मोती जड. मग जळका वास आला आणि खेळ खलास झाला.

शहाणा माणूस इथं थांबला असता. दाजींनी वही आणली.

त्या वहीपासून माझे भोग सुरू झाले. रोज मोबाइलवर बघायचं, वहीत उतरवायचं आणि आठवड्याच्या बाजाराला लोहाऱ्यात येऊन माझ्यावर ओतायचं. आणि तेही कुठल्या भाषेत, तर धरणाच्या. बॅटरी चार्ज करणं म्हणजे 'आवक'. ती वापरणं म्हणजे 'विसर्ग'. काठोकाठ भरलेली बॅटरी म्हणजे 'धरण भरलं', आणि महिनाभर न वापरता ठेवायची असेल तर ती निम्मीच भरून ठेवायची, त्याला 'ठेवणीचा साठा'. प्रत्येक सेल किती व्होल्टवर आहे ते मीटर लावून बघायचं आणि लिहायचं. चार पूर्णांक दोन म्हणजे भरलं. साडेतीनच्या खाली म्हणजे मृतसाठा.

"धरणात बी खाली थोडं पाणी राखून ठिवत्यात," दाजी माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, बोट वर करून. "शेतीला मिळत न्हाय त्ये. कुणी किती बी रडू दे. मृतसाठ्याला हात लावायचा न्हाय म्हंजे न्हाय. बॅटरीचं बी तसंच. साडेतीनच्या खाली गेली की ती मेली, फुगली, कामातनं गेली."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? लग्नात, बारशात, एकदा तर मयताच्या घरी, ओट्यावर बसून. 'मृतसाठ्याला हात लावायचा न्हाय.' शेजारचा माणूस दचकला होता.

दुसरं आवडतं वाक्य, "आकडा बोलतो, माणूस बडबडतो." हे ते माझ्याकडे बघून म्हणतात.

एकदा ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन एक शेतकरी आला. माझा सौदा ठरत आला होता, नवी बॅटरी फळीवरून उतरवली होती. तेवढ्यात दाजी स्टुलावरून उठले, मीटर लावलं आणि म्हणाले, "ही मेली न्हाय. मृतसाठ्याच्या काठावर हाय. रातभर सावकाश आवक द्या, उठंल." आणि ती उठली. त्या माणसानं पुढं तीन वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. आमच्याकडे मेव्हण्याच्या नशिबी दाजींचं हेलिकॉप्टर आलं.

हेलिकॉप्टरनंतर ड्रोन आला. तयार नाही घेतला. तयार घेतला असता तर मला बोलायला जागा राहिली नसती. सुटे भाग कुरिअरनं मागवले. चार मोटारी, चार पंखे, तळहाताएवढी चौकट, रबरानं अडकवायचा एक चिमुकला कॅमेरा. त्यात दिसेल ते रिमोटला लावलेल्या मोबाइलवर दिसायचं. सगळं मिळून अडीचशे ग्रॅमच्या आत बसवायचं, कारण त्याच्यावर गेलं की सरकारी कागदपत्रं लागतात, आणि दाजींना नियम म्हणजे देव. आक्काच्या स्वयंपाकघरात सोनारासारखा ग्रॅमचा काटा आला. स्क्रू तोलले गेले. जास्तीची वायर कापून तोलली गेली. ड्रोनवर आक्कानं हौसेनं हळदीकुंकवाचं बोट लावलं, तर दाजींनी ते पुसून काढलं आणि म्हणाले, "वजन."

आक्काच्या माहेरचा, म्हणजे आमच्या आईचा, लोणच्याचा रांजण होता. तो गेला रेतीत. म्हणजे रेती त्याच्यात गेली. बॅटरी चार्ज होताना पेटलीच तर घर जळू नये म्हणून ती रेतीच्या रांजणात ठेवून चार्ज करायची, आणि होईस्तवर शेजारी पाटावर बसून राहायचं. "आईनं आंबे घातले त्यात," आक्का मला फोनवर सांगत होती, "आन् ह्यांनी वाळू घातली. आन् राखण करीत बसल्यात, वाळूला पाय फुटणार असल्यावानी."

या छंदाची कीर्ती पसरली आणि ढोकीहून एक तरणा फिटर विचारायला आला. त्याला लग्नांचं शूटिंग करायचं होतं. मी तिथंच होतो, म्हणून सांगतो. त्यानं विचारलं, "काका, ड्रोन कोणता घेऊ?" दाजींनी त्याच्या हातात मीटर दिलं.

"पयलं ड्रोन घ्यायचा न्हाय. पयलं बॅटरी मोजायची. महिनाभर. मग खेळण्यातलं हेलिकॉप्टर घ्यायचं, उघड्या माळावर उडवायचं, वारं नसताना. ते पाच-पन्नास बारी पडंल. पडू द्यायचं. स्वस्तात पडायचं शिकायचं, मग महागाचं घ्यायचं. आन् बॅटरी घेताना नुसता मोठा आकडा बघून भुलायचं न्हाय. वजन इचारायचं. मोटारीला झेपंल इतका विसर्ग देती का इचारायचं. प्लग आपल्या यंत्राला बसतो का बघायचं. दोन घ्यायच्या, एक उडंल, एक थांबंल."

आता यात चूक काहीच नव्हतं, हे मला धंदेवाला म्हणून कबूल करावं लागेल. पण ते सांगायला त्यांनी दोन तास घेतले आणि त्या बिचाऱ्याला पंधरा वेळा मीटर लावायला लावलं. तो जो गेला तो परत आला नाही. ऐकलं की त्यानं पुढं झेंडूच्या माळांचा धंदा टाकला.

मध्यंतरी आमच्या भागात ड्रोन म्हणजे चोर, अशी आवई उठली होती. गावोगाव लोक आकाशाकडे बघत बसायचे. दाजींनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. 'सदर यंत्र दररोज सकाळी ठीक आठ वाजता उडेल व आठ वाजून सात मिनिटांनी उतरेल. तरी ग्रामस्थांनी घाबरू नये.' खाली सही, तारीख आणि यंत्राचं वजन. ग्रामस्थ घाबरले नाहीत. हसले मात्र पुष्कळ. बाजारात मला विचारायचे, "काय, तुमच्या दाजींचं विमान उतरलं का?"

आठ ते आठ सात. रोज. आणि रोज एकाच दिशेला. घरामागून उडायचं, ओढ्यावरच्या बाभळी ओलांडून पलीकडं जायचं, तिथं घिरघिरत राहायचं आणि परत यायचं. ऊन पडद्यावर पडतं म्हणून दाजी घोंगडं डोक्यावरून ओढून घ्यायचे आणि त्याच्या आत मोबाइल बघायचे. दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढं मोठं रान पडलंय. धरण बघा, देवळाचा कळस बघा. रोज त्याच बाभळी काय बघता?"

"वारं तिकडनं बरं असतंय," ते घोंगड्यातून म्हणाले.

वारं कसलं आलंय. ओढ्यापलीकडं कुणाचं रान आहे ते मला चांगलं माहीत होतं. दाजींच्या थोरल्या भावाचं, शेषरावतात्यांचं. आणि त्या दोघांचं दहा-बारा वर्षांपासून बोलणं बंद होतं.

त्याची कहाणी अशी. एक वर्ष पाऊस ओढ देऊन राहिला. तात्यांना ऊस लावायचा होता. ते धाकट्या भावाकडे आले, साधा प्रश्न विचारायला. धरणात पाणी किती, आणि उन्हाळ्यात कालव्याला सुटंल का? दाजींना रोजचा आकडा पाठ होता. पाणी कुठं चाललंय ते दिसत होतं. पण वरून पत्र आलं नव्हतं, आणि पत्र आल्याशिवाय दाजी सख्ख्या आईला आकडा सांगणारे नव्हते. ते म्हणाले, "पत्र येऊ द्या, मग सांगतो." तात्यांनी ऊस लावला. पत्र आलं तेव्हा धरणात फक्त मृतसाठा उरला होता, पिण्यासाठी राखलेला. ऊस उभ्या जागी वाळला.

तात्या चावडीवर, चार माणसांत म्हणाले, "तू भाऊ न्हाईस माणक्या. तू मोजपट्टी हाईस."

त्यावर गप्प बसेल तो माणूस कसला? दाजींनी घरातून देवाचा भंडारा, म्हणजे हळद, आणली, ती मुठीत धरली आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली, की तुझ्या रानात पाय ठेवणार न्हाय आणि तुझ्याशी बोलणार न्हाय. तात्यांनी त्याच भंडाऱ्यातली चिमूट उचलून तेच सांगितलं. एका आईची लेकरं, अक्कल वाटून घेताना दोघांच्या वाट्याला सारखीच आली. तेव्हापासून मधे तो ओढा आहे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढाच.

म्हणून मी काय ते समजून होतो. दाजी रोज सकाळी भावाचं पीक बघतात. कुठं रोग पडला, कुठं तूर वाळली ते बघून मनात गार होतात. सरकारनं शिकवलेलं मोजमाप आता भावकीवर चाललंय. हे मी आक्काला बोलूनही दाखवलं. आक्का पीठ मळत होती. "तुला लई कळतंय," एवढंच म्हणाली.

गेल्या येळवशीला मी माकणीला गेलो. येळवस म्हणजे आमच्याकडे पौष महिना लागायच्या आधीची अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी जेवायला ओढून नेतं. दाजींच्या रानात पूजेसाठी कडब्याची कोपी, म्हणजे खोप, उभी होती, तिच्यावर आक्काची शाल. आक्का पहाटेपासून भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीच्या, पातेल्याशी. बाजरीचे उंडे उकडून फडक्यावर मांडलेले, आंबिलीचं मडकं झाकलेलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आणि पायरीवर, घोंगडं पांघरून, दंड आवळून आमचे दाजी.

"रामराम दाजी," मी मुद्दाम म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

आठ वाजता डाव्या काखेतली बॅटरी निघाली, मीटर लागलं, आकडा लिहिला गेला. ड्रोन उठला, बाभळींवरून पलीकडं गेला. दाजी घोंगड्यात शिरले. मी चहा पीत बसलो. आक्कानं विचारलं, "उंडा देऊ का एक?" मी म्हटलं, "पूजा होऊ दे आधी."

आठ सात झाले. ड्रोन आला नाही.

मी घड्याळ बघितलं, मग घोंगड्याकडे बघितलं. घोंगडं हललं नाही. रिमोट किंचाळायला लागला. साठा कमी झाला की तो पीं-पीं करतो, एवढं मलाही एव्हाना माहीत होतं. आठ आठ. आठ नऊ.

"दाजी," मी म्हटलं, "मृतसाठा!"

खरं सांगतो, मला मजा वाटली. इतक्या वर्षांत मला हे वाक्य त्यांच्यावर परत फेकायची संधी पहिल्यांदा मिळाली होती. मी दोनदा म्हटलं. घोंगड्यातून फक्त पीं-पीं ऐकू येत होतं. मग पलीकडचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं रिमोटही गप्प झाला.

दाजींनी घोंगडं खाली घेतलं. मी काहीतरी लागट बोलणार होतो, तोंडात तयार होतं. त्यांचा चेहरा बघून गिळलं. तीस वर्षांच्या नोकरीत पाण्याचा आकडा हुकल्यावर माणसाचा चेहरा कसा होईल, तसा तो चेहरा नव्हता. घाबरलेल्या माणसाचा होता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमी जा. आत्ता जा. मला जाता येत न्हाय."

"ड्रोन कुठं पळून जातोय का? जेवून जातो की."

"ड्रोनचं न्हाय वो," ते म्हणाले. "खाट न्हाय."

मला काही उमगलं नाही. आक्कानं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पहिल्यांदाच मला नीट सांगितलं. तात्या रोज सकाळी कोठ्यापुढं, जनावरांच्या गोठ्यापुढं, खाट टाकून उन्हाला बसतात. हे रोज ड्रोननं वर जाऊन बघतात, खाट हाय का, खाटेवर त्यो हाय का. दिसला की माघारी. दोन वर्षं झाली, एक दिस चुकलं न्हाई. "जा पळ," आक्का म्हणाली.

मी ओढ्यात उतरलो. पायात नवी चप्पल होती, ती चिखलात गेली. बाभळीचा काटा सदऱ्याला लागला. मी स्वतःला शिव्या देत होतो, मग दाजींना दिल्या, मग त्या भंडाऱ्याला. हाकेच्या अंतरावरचा भाऊ जिता आहे का, एवढं बघायला या माणसानं विमानविद्या शिकली! हरभरा तुडवत मी वर चढलो तेव्हा माझ्याच छातीत धडधडत होतं, हे मी आक्काला सांगितलेलं नाही.

कोठ्याचं दार लोटलेलं होतं. आत खाट होती. खाटेवर तात्या होते, गोधडीत, कानटोपी घालून. बसलेले होते. खोकत होते. आणि त्यांच्या पायाशी, धुतलेल्या पंच्यावर, ड्रोन ठेवलेला होता. पंख्यांतली माती कुणीतरी काडीनं काढली होती.

"यावा पाव्हणं," तात्या म्हणाले. "सुनंनं आणून दिलं. हरभऱ्यात पडलं हुतं."

"तब्येत?"

"छातीत कफ झालाय. चार दिस बाहीर बसू नका म्हणती सून. म्या तिला म्हनलं, आठाला तेवढी खाट बाहीर काढ, मग आत न्ये. ती म्हणती, मामा, थंडीत आठालाच काय एवढं नडलंय?" ते हसले आणि खोकले. "काल बाहीर हुतो. आज तिनं न्हायच काढली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक नसायला काय झालं? डोस्क्यावर भुंग्यावानी रोज घोंगावतंय. म्या वर बघत न्हाय. बघितलं तर त्यो यायचा बंद हुईल." तात्यांनी ड्रोनच्या चौकटीवरून बोट फिरवलं. "म्या आतनं आवाज ऐकत हुतो. मनात म्हनलं, आता जाईल, सात मिनटं झाली. गेलाच न्हाय. मला उठता येईना. खाली पडल्याचा आवाज आला तवा समजलं. म्या त्याला मोजपट्टी म्हनलं हुतं, पाव्हणं. आज मोजायचं इसरला की वो."

मी बॅटरी काढून खिशात टाकली आणि ड्रोन उचलला. सुनेनं फडक्यात एक उंडा बांधून दिला, त्यांच्या कोपीतला. तात्या म्हणाले, "शपथ पायाची हाय आन् तोंडाची हाय. उंड्याची न्हाय. द्या जाऊन त्याला."

परत आलो तेव्हा दाजी ओढ्याच्या अलीकडच्या काठावर उभे होते. अगदी काठावर. पलीकडं पाय पडणार नाही, इतका हिशेब त्याही वेळी त्यांनी केलेला होता. मी लांबूनच ओरडलो, "हायत! खोकला हाय, म्हणून आत बसलेत!"

मी उंडा दिला. तात्या काय म्हणाले तेही सांगितलं, एकही शब्द न गाळता. ते वर बघत नाहीत, आणि का बघत नाहीत, तेही. दाजींनी उंडा दोन्ही हातांत धरला. मग घरी आले आणि सवयीनं तो काट्यावर ठेवला. शेहेचाळीस ग्रॅम. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला नाही. उंड्याचा एक घास आक्काला दिला, एक मला, उरलेला स्वतः खाल्ला. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं आणि ते पुसत नव्हते.

मी बॅटरीला मीटर लावलं. दोन पूर्णांक सात. बाजूही फुगली होती. "मेली ही," मी म्हटलं.

"असू द्या," दाजी म्हणाले. "कामाला आली."

मग उठले. ड्रोन मांडीवर घेतला आणि कॅमेऱ्याचं रबर सोडायला लागले. मला वाटलं, पडल्यामुळं मोडला. मोडला नव्हता. त्यांनी तो काट्यावर ठेवला, वजन बघितलं आणि आक्काच्या फडक्यावरचा एक उंडा उचलून बरोबर निम्मा केला. निम्मा उंडा दोऱ्यानं चौकटीखाली बांधला.

"दाजी, कॅमेरा काढला तर दिसणार कसं?"

"काय बघायचं आता? हाय ना त्यो." त्यांनी गाठ ओढून बघितली. "वाट पाठ हाय मला. कोठ्याच्या दारात उतरवतो. सुनंला फोन करून म्हणावं, जपून सोड."

"आणि परत यायला साठा?"

त्यांनी उजव्या काखेतली बॅटरी काढून माझ्या हातात दिली. ती कोमट होती. दोऱ्याला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. "ही भरलेली हाय, जाऊन येईल. धरा जरा," म्हणाले. "गार हुऊ देऊ नका."

मी इकडं तिकडं बघितलं. मग सदऱ्याची दोन बटणं काढली, बॅटरी काखेत घातली आणि दंड आवळून पायरीवर बसलो.

बांधावरून येळवशीला निघालेली माणसं चालली होती. त्यांतल्या एकानं मला ओळखलं आणि मोठ्यानं रामराम घातला. मी नुसती मान हलवली.